मुकी कॅसेट

दाजींनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं, मग माझ्या हातात एक कॅसेट ठेवली.

“हिच्या कडेनं अंगठा फिरव. काय लागतंय?”

“काही नाही. गुळगुळीत आहे.”

“तेच म्हणतोय मी. माझ्या कॅसेटला इथं बारीक कड होती, बोटाला कापायची. ही माझी नाही, वृषाली. कुणीतरी बदललीय.”

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे, टीव्ही गेमची. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे ते गेम, त्यांच्या पिवळ्या, लाल, करड्या प्लास्टिकच्या कॅसेटी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उदय इंगवले. बाकीची माणसं कॉलेजात गेली आणि हे खेळ विसरली. दाजी विसरले नाहीत. बेळगावचा बाजार, कुणाचा पोटमाळा, बंद पडलेली व्हिडिओ पार्लरं, असं करत करत त्यांनी कोल्हापुरातल्या घराची एक खोली भरून टाकली होती. भिंतभर रॅक आणि प्रत्येक रॅकमध्ये पुस्तकांसारख्या उभ्या कॅसेटी.

ते शिरोलीच्या एका फाउंड्रीत ड्रॉइंग ऑफिसला होते. डोळ्यांचंच काम. आणि नेमका त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. नजर कडेनं आत आत मिटत येते, मधे तेवढा झरोका राहतो, मग तोही जातो. त्यांनी हे बरीच वर्षं कुणालाच कळू दिलं नव्हतं, ताईलासुद्धा नाही. फाउंड्रीत एका ड्रॉइंगमधला आकडा चुकला, अख्खा माल भंगारात गेला, तेव्हा सगळं बाहेर आलं. मी ताईकडे राहायला गेले तेव्हा त्यांना नोकरी सोडून वर्ष होत आलं होतं आणि खिडकी कुठं आहे एवढंच उजेडावरून कळायचं. माझी पुण्यातली नवी नोकरी सुरू व्हायला अवकाश होता. तेवढीच ताईला सोबत, म्हणून मी आले होते.

“ताईला सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं की. ती म्हणते तुमच्या हाताला भास होतो. डॉक्टरांनाही विचारून आली.” त्यांनी माझ्या हातातून कॅसेट घेतली आणि न चाचपडता तिच्या जागी उभी केली. “तू मोबाइलची ॲप करतेस ना? मला एक करून दे. फक्त माझ्यापुरतं. मोबाइल कॅसेटला लावला की त्यानं बोललं पाहिजे. गेम कुठला, कुठून आणला, कुठल्या रॅकवर.”

“जमेल की.”

“पुढच्या महिन्यात पुण्याला जुन्या गेमवाल्यांचा मेळावा आहे. मला बोलावलंय. तिथं मांडायला उपयोगी पडेल, असं सगळ्यांना सांगायचं.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि खूण अशी कर, की बाहेरून कुणाला दिसणार नाही. कॅसेट बदलली तर मला कळलं पाहिजे.”

“तुमचा कुणावर संशय आहे?”

“घरात येतं कोण?”

नाव त्यांनी घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. दर रविवारी जयसिंगपूरहून जिनेंद्र मगदूम यायचे. शाळेपासूनचे मित्र. त्यांनाही ह्याच कॅसेटींचा नाद.

मी कामाला लागले. दुपारी ताई शिवणाचे क्लास घ्यायला जायची, तेव्हा आम्ही खोलीत बसायचो. नखाएवढ्या पातळ चिपा मागवल्या. मोबाइल जवळ नेला की चिप कुठली ते ॲपला कळायचं आणि ॲप दाजींच्याच आवाजात बोलायचं. बोलणं त्यांनी स्वतः भरलं. गेमची इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण ते आपलीच नावं सांगत. “टाक्यांचा गेम, पिवळी. बेळगावला घेतली, तेव्हा पाऊस होता.” “मोटारसायकलींचा. जिन्याशी अदलाबदल करून.” जिन्या म्हणजे मगदूम. हे भरल्यावर ते म्हणाले, “राहू दे. खरं आहे ते.”

चिप बाहेर चिकटवली तर कुणीही बघेल, म्हणून मी एकेक कॅसेट स्क्रू काढून उघडत होते आणि चिप आतल्या बाजूला लावत होते. आत हिरवी पट्टी असायची, तिच्यावर चौकोनी काळे आयसी, पायांच्या रांगा असलेले. काही कॅसेटींत मात्र ते नव्हतं. लहानशा पट्टीवर डांबर सांडल्यासारखा एक काळा, चकचकीत थेंब. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पाणबुडीच्या गेममध्ये असाच एक थेंब चिपेला अडत होता, म्हणून मी चिप खालच्या बाजूला सरकवून लावली आणि स्क्रू आवळला. दाजींना काही विचारलं नाही.

रविवारी मगदूम आले. उंच, किंचित वाकलेले, खांद्याला कापडी पिशवी. “वहिनी, भडंग आणलंय,” असं दारातूनच म्हणाले. जयसिंगपूरचं ते चुरमुऱ्यांचं भडंग दाजींना आवडायचं, पण त्या दिवशी त्यांनी पुडीला हात लावला नाही.

मी लॅपटॉप घेऊन खोलीच्या कोपऱ्यात बसले. ते दोघं खेळू लागले. दाजी आवाजावरून आणि आठवणीवरून खेळायचे, बटणांवर त्यांची बोटं अशी चालत, की नवख्या माणसाला कळलंही नसतं. मगदूम खेळण्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होते. ते मला खटकलं.

“काय करताय तुम्ही?” त्यांनी मला विचारलं.

“ऑफिसचं काम,” मी थाप मारली.

“उदय म्हणाला, कसलं ॲप करताय.”

“ते झालं करून. नावं सांगतं नुसती.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि रॅककडे वळून बघितलं.

तेवढ्यात मला फोन आला, मी बाहेर गेले. परत आले तेव्हा मगदूम रॅकपाशी पाठमोरे उभे होते आणि पिशवीची चेन ओढत होते. दाजी मान वाकडी करून ऐकत बसले होते.  मग चहाचे कप ठेवायला म्हणून मगदूम स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं मीही गेले. ताई आणि ते ओट्यापाशी उभे राहून हळू आवाजात बोलत होते. मला बघताच दोघंही गप्प झाले.

“साखर संपत आलीय म्हणून सांगत होते,” ताई म्हणाली.

साखरेचा डबा तिच्या मागेच होता. सकाळीच मी तो भरला होता.

मगदूम गेल्यावर दाजींनी मोबाइल घेतला आणि रॅकच्या एका टोकापासून सुरुवात केली. कॅसेटला मोबाइल लावायचा, आवाज ऐकायचा, पुढची घ्यायची. त्यांचाच आवाज खोलीभर बोलत होता. टाक्यांचा. मोटारसायकलींचा. बर्फावरच्या अस्वलाचा. मग एका कॅसेटपाशी मोबाइल गप्प राहिला. त्यांनी उलटी करून लावली. पुन्हा लावली. कॅसेट मुकीच.

“कुठली आहे बघ,” ते म्हणाले.

“पाणबुडी.”

ते पलंगावर बसले. मला वाटलं होतं, ते चिडतील. पण त्यांचा चेहरा सैल पडला होता, बऱ्याच दिवसांचं दुखणं थांबावं तसा.

“म्हणजे मला भास होत नव्हता,” ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा, “तुझ्या ताईला, वैजूला सांगू नकोस.”

“का?”

“ती आणि जिन्या बोलत असतात. मी आलो की थांबतात. डोळे गेले, की थांबलेलं बोलणं आधी ऐकू येतं बघ.”

 त्या रात्री ताईनं वाढलेलं जेवण त्यांनी निमूट खाल्लं आणि ती काही विचारायची तेव्हा तिच्याकडे तोंड न वळवता उत्तर दिलं. ताईच्या ते लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. मी ताईकडे चोरून बघत होते. माझी बहीण, जिच्या अंगाखांद्यावर मी वाढले, तिच्याविषयी माझ्या मनात जे येत होतं ते मला नको होतं आणि तरी येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती मुकी कॅसेट उघडली. आत माझी चिप नव्हती, हे अपेक्षितच होतं. पण तो काळा थेंबही नव्हता. तिथं मोठी पट्टी होती, नीट बसवलेले आयसी होते. मी इंटरनेटवर शोधलं. जुन्या गेमांच्या लोकांनी फोटो घालून लिहिलं होतं, काळा थेंब असेल तर कॅसेट नकली, अलीकडे कुठंतरी स्वस्तात बनवलेली.

म्हणजे मगदूमांनी नकली कॅसेट नेली होती आणि अस्सल ठेवून गेले होते.

असा चोर मी कधी ऐकला नव्हता. आणि म्हणूनच माझा संशय कमी झाला नाही, उलट वाढला. फुकट कोण कशाला देतं? ताईला काय ठाऊक आहे? मी कुणालाच काही न सांगता एसटी पकडली आणि जयसिंगपूरला गेले.

मगदूमांचं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मला बघून ते उठून उभे राहिले. मी पर्समधून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

“ही तुमची ना?”

त्यांनी नाही म्हणायचा प्रयत्नही केला नाही. “उदयला कळलं?”

“बदलली एवढं कळलंय. चोरी झाली असं वाटतंय त्यांना.”

“संशय माझ्यावर?”

मी कॅसेट त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी दुकानातल्या माणसाला बाहेर पाठवलं, आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि त्यातली एक कॅसेट माझ्यापुढं केली. “वाचा काय लिहिलंय.”

मी वाचलं. गेमचं इंग्रजी नाव होतं. हेच लेबल मी चिप लावताना हातात धरलं होतं.

“परत वाचा. एकेक अक्षर.”

स्पेलिंग चुकलेलं होतं. मोठ्या रंगीत अक्षरांत, भर मधे.

“ही त्यानं कुठूनतरी कुरिअरनं मागवली होती,” मगदूम म्हणाले. “किती खुशीत दाखवली मला. बघ जिन्या, अस्सल, जपानची. मी लेबल बघितलं आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं. उदय ड्रॉइंगवाला माणूस. शाळेत फळ्यावरच्या चुका काढायचा मास्तरांच्या. त्याला हे दिसत नाही म्हणजे काय, ते मला तिथंच कळलं. तुमच्या ताईच्याही आधी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तो लपवत होता. त्यानं लपवलेलं मी कसं काढू?” त्यांनी डब्यावर हात ठेवला. “त्यानंतर तो मागवतच राहिला. जो तो त्याला हाच माल पाठवायला लागला. पुढं डोळे गेले, सगळ्यांना कळलं, तेव्हा म्हटलं आता हे कशाला उकरायचं. पण हा मेळावा आला. तिथं चार जाणती माणसं कॅसेट उघडून बघणार. आंधळ्याला कसा गंडवलाय म्हणून हसणार. त्याच्यासमोर. माझ्याकडं ह्याच गेमच्या अस्सल होत्या, त्या एकेक ठेवत आलो. वहिनींना सांगितलं होतं.”

“ताईला सगळं माहीत आहे?”

“त्यांच्याशिवाय कसं जमणार? रॅकवर कुठली कुठं आहे, त्याच सांगायच्या.” मग ते म्हणाले, “तुम्ही त्याला एवढंच सांगा, की ती चिप निसटून पडली. तुमचं तो ऐकेल.”

घरी आले तेव्हा ताई गच्चीत वाळलेले कपडे काढत होती. मी कुठं जाऊन आले ते सांगितलं. तिनं हातातला टॉवेल घडी करून ठेवला.

“मग आता सांग त्यांना, ॲप बिघडलं होतं म्हणून.”

“त्यांचा विश्वास बसेल?”

“तू सांगितल्यावर बसेल. तू इंजिनियर आहेस. मी सांगते तर वाटतं बायको समजूत काढतेय.”

“ताई, त्यांना आता हातांनीच दिसतं. ते हातही खोटं सांगतात, असं सांगू मी?”

“आणि खरं काय सांगशील? दिसतंय असं दाखवत होतात तेव्हा लोकांनी तुम्हाला लुटलं, मित्र कीव करून स्वतःच्या वस्तू ठेवत होता आणि बायको साथ देत होती. हे ऐकवशील? वर्षभर मी त्या माणसाला सांभाळतेय, वृषाली. सकाळी उठून बसतात का नाही, इथपासून.” तिनं तारेवरचा आणखी एक कपडा ओढला. “त्या खोलीत गेले की तेवढे ते पूर्वीसारखे असतात. ती एक खोली तरी राहू दे.”

मला तिचं पटत होतं. खाली जाऊन चिप निसटली म्हणून सांगणं एका वाक्याचं काम होतं. पण मला आदल्या रात्रीचं जेवण आठवलं.

“तुझ्याबद्दल त्यांना काय वाटतंय, माहीत आहे तुला?” मी म्हटलं. “तुम्ही दोघं बोलता आणि ते आले की थांबता, हे त्यांना ऐकू येतं.”

ताई माझ्याकडे बघत राहिली. अर्थ तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

“असं म्हणाले ते?”

“म्हणाले नाहीत.”

तिनं उरलेले कपडे तारेवरून काढले, एकेक, सावकाश. सगळे झाल्यावर म्हणाली, “मग तूच सांग. मला नाही जमायचं.”

दाजी खोलीतच होते. मी दार उघडंच ठेवलं. मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं, काळ्या थेंबापासून चुकलेल्या स्पेलिंगपर्यंत. ताई वरून येऊन बाहेर उभी होती, ते मला दिसत होतं.

दाजींनी मधे कुठं थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कॅसेटचा. “ती कड. ती नकली म्हणून होती?”

“हो. प्लास्टिक हलकं असतं. नीट घासलेलं नसतं.”

“म्हणजे हात बरोबर होते.”

“अगदी बरोबर होते.”

त्यांनी मान हलवली. मग चेहरा हळूहळू बदलत गेला. “जिन्यानं लेबल बघितलं त्या दिवशी मी त्याला बरंच काय काय सांगत होतो. रंग बघ म्हटलं, छपाई बघ म्हटलं.” ते थांबले. “आणि तो हो हो म्हणत होता.”

“दाजी...”

“माझ्या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत. जा तू. दार लावून घे.”

पुढचे दिवस वाईट गेले. ते ताईशी कामापुरतं बोलायचे. रविवारी मगदूम आले, पण दाजी खोलीतून बाहेर आले नाहीत. मगदूम हॉलमध्ये चपला न काढता बराच वेळ बसले, भडंगाची पुडी टेबलावर ठेवली आणि गेले. त्यापुढच्या रविवारी ते आलेच नाहीत. घरात मी समोर आले की ताई दुसरं काम शोधायची. मी पुण्याला जायची तयारी करू लागले. आपण एक घर आणि एक दोस्ती मोडली, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी दाजी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. हातात पिशवी होती.

“वैजू, जयसिंगपूरला जायचंय. तू चल. वृषाली, तूही.”

 ताईनं साडी बदलली आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला. एसटीत ते दोघं शेजारी बसले, मी मागे. अर्ध्या वाटेत दाजी तिला काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. ताईनं मान खिडकीकडे वळवली आणि पदरानं डोळे पुसले. पण हात सोडला नव्हता.

मगदूम दुकानात होते. दाजींनी काउंटर चाचपला आणि पिशवी उपडी केली. मगदूमांनी ठेवलेल्या सगळ्या अस्सल कॅसेटी त्यांनी रॅकमधून स्वतः, हातांनी चाचपून वेगळ्या काढल्या होत्या, कुणालाही न विचारता. एकही चुकली नव्हती.

“ह्या तुझ्या,” ते म्हणाले. “माझ्या दे.”

“उदय, त्या नकली आहेत.”

“मी घेतलेल्या आहेत. मेळाव्याला त्याच नेणार. ज्याला हसायचं त्यानं हसावं.”

मगदूमांनी बिस्किटांचा डबा आणून पुढं सरकवला. दाजींनी तो उघडला नाही. त्यावर नुसता हात ठेवला.

“तू मला सांगितलं का नाहीस?” त्यांनी विचारलं. “दुसऱ्या कुणी नाही तर तू तरी.”

मगदूमांनी काउंटरवरच्या कॅसेटी एका बाजूला केल्या. मग म्हणाले, “तुला दिसत नाही हे तू मला सांगितलंस काय?”

  दाजींनी डब्यावरचा हात काढून घेतला.

“नाही,” शेवटी ते म्हणाले. “नाही सांगितलं.”

दुकानाच्या मागं मगदूमांची खोली होती, तिथं त्यांचा टीव्ही आणि गेम मांडलेला असायचा. दाजी ताईच्या हातातून हात सोडवून त्या दिशेनं वळले. वाट त्यांच्या पायाखालची होती. मगदूम मागोमाग गेले, टीव्ही लावला, एक कॅसेट बसवली आणि नेहमीसारखे गप्प बसून राहिले.

“जिन्या,” दाजी म्हणाले, “मला काही दिसत नाही. काय चाललंय ते सांग.”

मगदूमांनी एकदा आमच्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे तोंड करून सांगायला लागले, आधी अडखळत, “आकाश निळं आहे... वरून तीन विमानं येतायत... तुझं डावीकडं आहे, अगदी कडेला,” आणि सांगता सांगता त्यांचा आवाज मोकळा होत गेला.